विठू महाराची खेप आणि तडवळ्याची परिषद

पुरते भाजलेले मडके आणि आतून कच्चे राहिलेले मडके बाहेरून सारखेच दिसते. कुंभार ते वाजवून पाहतो आणि नादावरून ओळखतो. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताईच्या सांगण्यावरून संतमेळ्यातल्या एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नामदेवराय तर देवाचे लाडके. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा घास खातो. असा भक्तही कच्चा असू शकतो, हे उघड सांगण्याचे धैर्य आपल्या संप्रदायात आहे. नामदेवराय आधी रुसले, पण पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. परीक्षा झाली म्हणून त्यांची थोरवी कमी झाली नाही, उलट वाढली.

तेच थापटणे आज आपल्याच एका सवयीवर वाजवून पाहावे असे वाटते. समाजाने पायदळी तुडवलेल्या लोकांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे चरित्र आपण वारकरी कीर्तनात, प्रवचनात आणि अशा मासिकांच्या पानांवर कसे सांगतो, हा प्रश्न आहे. उदाहरण म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र घेऊ, आणि त्यातलाही एकच प्रसंग, जो गोरोबाकाकांच्याच धाराशिव जिल्ह्यात घडला.

तेरहून पायी दिंडीच्या एका दिवसाच्या चालीत कसबे तडवळे हे गाव येते. बार्शी लाईट रेल्वे या नावाने ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी या गावाजवळून जात असे. ही गाडी 1906 साली पंढरपूरला पोहोचली, 1907 साली तडवळ्यापर्यंत आली आणि 1911 साली लातूरला गेली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले कितीतरी वारकरी याच गाडीने कुर्डूवाडीवरून पंढरीला गेले. अशा या तडवळ्यात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले. बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली, गावातल्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला, हे आजही तिथे अभिमानाने सांगितले जाते.

आता आपले सांगणे पाहा. आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी चैत्र-वैशाखात अखंड हरिनाम सप्ताह असतात. गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीची, बाबासाहेबांची जयंती 14 एप्रिलची. दोन्ही दिवस कधी काही दिवसांच्या, तर कधी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. अनेक कीर्तनकारांना दोन्हीकडे बोलावणे असते आणि ते आनंदाने जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जयंतीच्या कीर्तनातले चरित्र बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते. लहानपणी शाळेत झालेला अपमान, मग परदेशातल्या पदव्या, मग राज्यघटना, आणि शेवटी तात्पर्य असे की संतांनी जी समता सांगितली तीच बाबासाहेबांनी कायद्यात आणली. टाळ्या होतात, पुंडलिक वरदे होते. तडवळ्याचा उल्लेख झालाच तर पदस्पर्शाने पावन झालेली भूमी एवढाच होतो.

या सांगण्यात भाव खोटा नाही. तरी थापटणे मारले तर नाद कच्चा येतो. भूमी पावन झाली हे कळते, पण ते तिथे आले कशासाठी हे कळत नाही. आणि ते कळायला परिषदेच्या नावातला एक शब्द पुरे आहे. तो शब्द म्हणजे वतनदार.

वतन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मान, सनद, पागोटे येते. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, देशमुखी. महाराचे वतनही कागदोपत्री वतनच होते. 1874 च्या मुंबईच्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ते बांधलेले होते. पण या वतनाचे स्वरूप काय? चावडी झाडायची, सरकारी टपाल आणि सांगावा पुढच्या गावी पोहोचवायचा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, त्याचे ओझे वाहायचे, गावाची राखण करायची, मेलेले ढोर ओढायचे, मर्तिकाची बातमी सोयऱ्याधायऱ्यांना द्यायची. कामाला वेळ नाही. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे. ज्याची पाळी तो घरी नसेल तर घरातले दुसरे माणूस गेले पाहिजे. याचा मोबदला म्हणजे भावकीत वाटून वाटून ओंजळीएवढी उरलेली इनाम जमीन, सरकारकडून नावापुरती रक्कम, आणि गावकऱ्यांकडून खळ्यावर मिळणारे बलुते व घरोघरची भाकरी. म्हणजे चाकरी सरकारची, आणि पोट गावाच्या मर्जीवर. महाराने मान वर केली, नवे धोतर नेसले, पोराला शाळेत घातले की गावाने बलुते बंद करायचे. काम मात्र बंद करता येत नसे, कारण ते कायद्याने अंगावर होते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला फार लवकर हात घातला. मार्च 1928 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. बलुत्याऐवजी पैशात ठराविक मोबदला मिळावा, आणि ज्याला हे काम नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवून वतनातून मोकळे होता यावे, अशी त्याची दिशा होती. विरोध इतका झाला की पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी पुन्हा महार वतन नष्ट करण्याचे विधेयक मांडले. डिसेंबर 1939 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद झाली. आणि फेब्रुवारी 1941 मध्ये तडवळे. म्हणजे तडवळ्याची परिषद ही एका लांब चालीतला एक मुक्काम होती. मुंबई राज्यात ही कनिष्ठ समजली जाणारी ग्रामवतने संपवणारा कायदा 1958 साली झाला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षांनी. तो पाहायला बाबासाहेब नव्हते, 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

इथे एखादा वाचक म्हणेल, हा तर महसुलाचा आणि कायद्याचा विषय, याचा परमार्थाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच एका आवडत्या आख्यानात आहे.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बीदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात माणसे तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. बादशहाने पकडून आणायला शिपाई पाठवले. तेव्हा पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि धान्याचे मोल घेऊन तो बीदरच्या दरबारात गेला. रक्कम भरली, पावती घेतली, आणि ती पावती दामाजीपंतांच्या नित्यपाठाच्या गीतेत ठेवून तो अदृश्य झाला. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त हे आख्यान आहे. त्या ग्रंथाने ते घराघरांत नेले. महाराष्ट्रात क्वचितच एखादे गाव असेल जिथे देव घोंगडी पांघरून निघाला या ठिकाणी श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले नसेल.

आता हे आख्यान थोडे थांबून वाचावे. देव कोणाच्या रूपात गेला? त्याने राजदूताचे रूप घेतले नाही, सावकाराचे घेतले नाही. एका गावची रक्कम आणि सांगावा दुसऱ्या गावी नेण्याचे काम ज्याचे होते, त्याचे रूप घेतले. म्हणजे देवाने त्या दिवशी केले ते वतनी महाराचेच काम. घोंगडी आणि काठी ही त्या कामाची साधने. कथाकाराला आणि श्रोत्याला हे काम इतके ओळखीचे होते की ते समजावून सांगायची गरजही पडली नाही.

आणि तरीही आख्यानाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे, की देवाने भक्तासाठी केवढा कमीपणा घेतला. आपण रडतो ते देवाला महार व्हावे लागले म्हणून. देवाने ही खेप एकदा केली. गावचा येसकर ती रोज करत होता, उन्हातान्हात, पावसात, बापानंतर लेकाने, लेकानंतर नातवाने. त्याच्यासाठी आख्यानात एकही ओळ नाही आणि श्रोत्याच्या डोळ्यांत एकही थेंब नाही. देव काम करून अदृश्य झाला. येसकराला अदृश्य होता येत नव्हते. त्याला काम सोडताच येत नव्हते, आणि तडवळ्याच्या परिषदेच्या मुळाशी हेच होते.

महिपतीबुवांना दोष देण्याचा हेतू नाही. संतचरित्रे गोळा करण्याचे त्यांचे उपकार इतके मोठे आहेत की ते नसते तर कितीतरी अठरापगड संतांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली नसती. पण त्यांच्याच चरित्रातला एक प्रसंग इथे आठवतो. ते ताहराबादचे कुलकर्णी. परंपरा असे सांगते की एकदा ते देवपूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई त्यांना कचेरीत बोलवायला आला आणि थांबायला तयार होईना. तेव्हा त्यांनी ठरवले की आता ही लेखणी संतचरित्रांखेरीज दुसऱ्या कशाला लावायची नाही. त्यांनी चाकरी सोडली आणि आपल्याला ‘भक्तविजय’ मिळाला. केवढा भाग्याचा निश्चय! पण बुवांना जी लेखणी खाली ठेवता आली, तशी काठी खाली ठेवायची सोय त्याच गावच्या येसकराला नव्हती. पूजेत असताना हाक आली तर त्याने काय करायचे? वतन दोघांचेही, पण एकाच्या वतनात सोडण्याचे स्वातंत्र्य होते आणि दुसऱ्याच्या वतनात ते नव्हते. हा फरक ‘भक्तविजया’त दिसत नाही, कारण चमत्काराच्या प्रकाशात तो झाकला जातो.

चोखोबारायांच्या आख्यानातही हेच होते. देव चोखोबांच्या घरी जेवायला येतो, वाढताना दही त्याच्या पीतांबरावर सांडते, चोखोबा देवाशी बोलत असतात आणि ते ऐकून एक ब्राह्मण त्यांना थोबाडीत मारतो. मग राउळात पाहावे तर देवाचा गाल सुजलेला. मारणाऱ्याला पश्चात्ताप होतो. कथेत प्रश्न सुटतो. कथेबाहेर काय झाले? मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आणि त्यानंतर सहाशे वर्षे चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याला त्या समाधीच्या पुढे पाऊल टाकता आले नाही. देवाचा गाल सुजला होता हे दरवर्षी सांगणाऱ्या त्याच पंढरीत हे चालले होते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. म्हणजे 1941 साली तडवळ्याच्या परिषदेला आलेला कोणी माणूस त्याच बार्शी लाईटने आषाढीला पंढरपूरला गेला असता, तर त्याची वारी चोखोबांच्या समाधीपाशी संपली असती.

बाबासाहेबांनी हे घरात सोसले होते. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी, घरात अभंग-दोह्यांचा नित्यपाठ. पत्नी रमाबाईंना एकदा पंढरीला जायची फार ओढ लागली. जी पंढरी भक्तांना दूर उभे करते तिथे कशाला जायचे, आपण आपल्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, अशा अर्थाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. रमाबाई 1935 च्या मे महिन्यात गेल्या, पंढरी न पाहता. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. कीर्तनात आपण हा प्रसंग बहुतेक वगळतो. तो सांगायला जड जातो, कारण त्यात दार बंद करणारे आपण असतो.

त्यांनी संतांबद्दल काय म्हटले, तेही आपण टाळतो. 1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले आणि तिथे बोलता न आलेले भाषण पुस्तकरूपाने निघाले. महात्मा गांधींनी त्यावर लिहिताना ज्ञानदेव, तुकाराम, चैतन्य यांचा धर्म निःसत्त्व कसा म्हणता येईल असे विचारले. बाबासाहेबांचे उत्तर कठोर होते. संतांचे सांगणे देवाच्या दृष्टीने सारी माणसे सारखी असे होते, माणसामाणसांत समता हवी म्हणून त्यांनी झुंज दिली नाही, असे ते म्हणाले. आणि त्याहून झोंबणारे असे की संत जात मोडू शकतो पण सामान्याने मोडू नये, हेच लोकांना शिकवले गेले, म्हणून संत पूज्य राहिला, पण अनुकरणीय झाला नाही.

या टीकेने आपण दुखावतो आणि लगेच उत्तरे शोधतो. उत्तरे आहेतही. वाळवंटातला काला, एकमेकांच्या पाया पडण्याची रीत, सर्व जातींच्या संतांची एकाच भजनमालिकेत बसलेली पंगत, हे काही लहान काम नव्हे. खुद्द बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबारायांचा अभंग घातला आणि 1927 च्या ‘बहिष्कृत भारता’वर माउलींच्या ओव्या घातल्या. संतांच्या शब्दांचे सामर्थ्य त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या विषयावरच्या 1948 च्या ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला आहे. वडिलांच्या तोंडून अभंग ऐकलेल्या माणसाचे हे बोलणे आहे, त्याला परक्याची टीका म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि खरे सांगायचे तर त्यांची टीका संतांपेक्षा संतांची चरित्रे सांगणाऱ्यांना जास्त लागू पडते. पूज्य पण अनुकरणीय नाही, हे विठू महाराच्या आख्यानाचे अचूक वर्णन आहे. तीनशे-चारशे वर्षे आपण देवाला महार झालेला पाहिले, हात जोडले, डोळे पुसले, आणि कीर्तन संपल्यावर त्याच गावात येसकराला हाक मारली की जा, मामलेदाराचे टपाल पोचवून ये. आख्यानाने मन ओले झाले, पण वतनाच्या एका कलमालाही धक्का लागला नाही.

आता उलट बाजूची चूकही पाहायला हवी, कारण अलीकडे ती वाढते आहे. बाबासाहेबांचे चरित्र सांगताना आपण आपल्या जुन्या सवयीने त्यांनाच अवतार करून टाकतो. हे संतचरित्राचे वळण आहे आणि ते त्यांना मानवणारे नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीतल्या भाषणात त्यांनी सांगितले होते की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्तिमार्गी मासिकाच्या वाचकाने हे वाक्य दोनदा वाचावे. भक्तीची जागा कोणती आणि तिची हद्द कोणती, हे त्यांनी आपल्यापेक्षा नीट ओळखले होते. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच, 1952 पासून, त्यांच्या चरित्राचे खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांत पत्रे आहेत, अर्ज आहेत, भाषणे आहेत, हिशेब आहेत. ओवी नाही, चमत्कार नाही, आणि तरी वाचताना ऊर भरून येतो, कारण एक माणूस एकेका अर्जाने, एकेका कलमाने डोंगर फोडताना दिसतो. संतचरित्र आणि सुधारकाचे चरित्र यांची कळ वेगळी असते. संतचरित्रात देव धावून येतो. सुधारकाच्या चरित्रात कोणी धावून येत नाही, म्हणून माणसांना एकत्र यावे लागते.

परिषदेच्या नावातला दुसरा शब्द इथेच महत्त्वाचा आहे. महार-मांग. गावगाड्याने जे सगळ्यांत खाली ढकलले त्यांच्यातही वरखाली ठेवले होते. बलुत्यातल्या वाट्यावरून, वाजवण्याच्या मानावरून, पाणवठ्यावरून महार आणि मांग यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या दुरावा होता. ज्याला कोणी शिवत नाही त्यालाही न शिवायला दुसरा कोणी हवाच, अशी ही व्यवस्था. त्या दोघांची नावे एका जोडशब्दात घालून परिषद भरवणे म्हणजे त्या उतरंडीच्या तळाशीच हात घालणे. उतरंड हा शब्द कुंभाराच्या घरचा. वरचे मडके काढून उतरंड मोडत नाही, तळाचे हलले की सारी कोसळते. आपण कीर्तनात हा जोडशब्द घाईने उच्चारून पुढे जातो. खरे तर आपल्या दिंड्यांत, फडांत, मठांत कोणाच्या मागे कोणी चालायचे, कोणाच्या पंगतीला कोणी बसायचे, हे जिथे अजून मनात शिल्लक असेल तिथे या जोडशब्दापाशी थांबण्याची फार गरज आहे.

मग हे चरित्र कसे सांगावे? त्यासाठी नवा संप्रदाय काढायला नको. आपलेच आख्यान पुरे आहे, फक्त ते पुढे न्यायला हवे. दामाजीपंतांचे आख्यान लावावे, देव घोंगडी पांघरून निघाला इथे थांबावे, आणि श्रोत्यांना विचारावे की हे काम कोणाचे होते, त्याला मोबदला काय मिळत होता, आणि त्याला ते सोडता येत होते का. तिथून 1928 चे विधेयक, हरेगाव, तडवळे, 1958 चा कायदा, हा प्रवास दृष्टान्त म्हणून सांगावा. महार वतनाच्या जमिनींचे वाद आजही महसूल कचेऱ्यांत चालू आहेत, म्हणजे प्रवास पुरता संपलेलाही नाही. हे सांगायला पाऊण तास लागेल. पण ज्या आजीने देवाची घोंगडी पाहून डोळे पुसले, तिला येसकराची घोंगडीही दिसेल. तिच्या गावच्या चावडीचे, तिच्या गावच्या खळ्याचे ते चित्र आहे, तिला ते समजावून सांगावे लागणार नाही.

आणि ते तीन प्रश्न आजही सोबत ठेवावेत. काम कोणाचे? मोबदला किती? सोडता येते का? आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. कार्तिकी एकादशीला ही माणसे पंढरपूरच्या वाळवंटात नसतात, उसाच्या फडात असतात. त्यांच्यातल्या कितीकांच्या गळ्यात माळ आहे. गटारात उतरणारा सफाई कामगार आहे. त्यांच्यासाठी कीर्तनात एखादा कळवळ्याचा उद्गार काढणे सोपे आहे. तिसरा प्रश्न विचारणे अवघड आहे, कारण त्याचे उत्तर श्रोत्यांत बसलेल्या कोणाला तरी द्यावे लागते. सप्ताहाच्या मंडपात मुकादमही असतो, कारखान्याचा संचालकही असतो, आणि महाप्रसादाची देणगीही कधी त्यांचीच असते.

कोणी म्हणेल की कायदा, परिषद, विधेयक ही कोरडी बाजू आहे, भक्ताने तिच्यात का शिरावे? त्याला दामाजीपंतांच्या आख्यानातली एकच वस्तू दाखवावी. पांडुरंग बीदरला गेला, त्याने रक्कम मोजून भरली, आणि पावती घेतल्याशिवाय तो निघाला नाही. त्याला काय अशक्य होते? बादशहाचे मन एका क्षणात फिरवता आले असते. तरी त्याने कागद घेतला, त्यावर शिक्का घेतला, आणि तो कागद गीतेच्या पानांत ठेवला. भक्ताची सुटका कोणाच्या लहरीवर राहू नये, ती लिहून मिळालेली असावी, हे देवालाही महत्त्वाचे वाटले. बाबासाहेब वतनदारांसाठी तेच मागत होते. बलुते गावाच्या मर्जीवर नको, मोबदला ठरलेला आणि लिहिलेला हवा, आणि नको असेल तर सुटण्याचा हक्कही लिहिलेला हवा.

येत्या चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेत आणि गावोगावच्या सप्ताहांत दामाजीपंतांचे आख्यान पुन्हा लागेल. देव घोंगडी पांघरून निघेल. त्या वेळी कीर्तनकार महाराजांनी दोन क्षण थांबून तडवळ्याचे नाव घ्यावे, एवढी विनंती आहे. नाव घेऊन लगेच पुढे जाऊ नये. परिषद कोणाची होती आणि कशासाठी होती, हेही सांगावे.

रामकृष्ण हरी.